डिस्लेक्सिया आणि मराठी वाचन : रव्याच्या ट्रेपासून जोडाक्षरापर्यंत

डिस्लेक्सियावर (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडखळण्यावर) आपल्याकडे जे साहित्य मिळतं ते बहुतेक इंग्रजी वाचनासाठी तयार झालेलं असतं. त्यात बी आणि डी उलटे लिहिणं, स्पेलिंग चुकणं, त्यावरचे तक्ते असं सगळं भरपूर सापडतं. मराठी शाळेतल्या मुलाचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: पहिल्या वेलांटीवर, रफारावर, भ-म आणि घ-ध या जोड्यांवर, नाहीतर ‘त्याच्या’सारख्या साध्या दिसणाऱ्या शब्दावर. आम्ही उपचारात्मक अध्यापन, म्हणजे अशा मुलाला पायापासून वेगळ्या रीतीने शिकवणं, मराठीतून करतो. तिसरी-चौथीतलं, बोलायला हुशार, गणिताची तोंडी उत्तरं पटापट देणारं पण पहिलीचा धडा अडखळत वाचणारं मूल आलं, की काम कसं पुढे सरकतं आणि कुठे फसतं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

पहिल्या दोन बैठकांत काहीच शिकवत नाही. त्याआधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी झालेली असावी लागते. सर्दी-कानदुखी वारंवार होणाऱ्या मुलाला थोडं कमी ऐकू येत असतं आणि घरात कोणाच्या ते लक्षातही आलेलं नसतं. मग तीन गोष्टी करून घेतो. वीस शब्दांचं श्रुतलेखन, साठेक शब्दांचा एक अनोळखी उतारा मोठ्याने वाचणं (हे फोनवर रेकॉर्ड करतो, कारण ऐकता ऐकता चुका टिपणं जमत नाही) आणि त्याच पातळीची एक गोष्ट आम्ही वाचून दाखवल्यावर ती त्याने स्वतःच्या शब्दांत सांगणं. ऐकलेली गोष्ट नीट सांगता येते पण वाचलेली कळत नाही, असं असेल तर अडचण अक्षर आणि आवाज जोडण्यात आहे. ऐकलेलीही कळत नसेल, तर आधी भाषेवरच काम करावं लागतं आणि पुढचा सगळा आराखडा बदलतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून मराठीतही उपलब्ध आहे. ती झालेली असेल तर चांगलंच, पण शिकवायला कुठून सुरुवात करायची हे आम्हाला श्रुतलेखनाच्या वहीतूनच कळतं.

त्या वहीतल्या चुका ‘बरोबर-चूक’ अशा मोजल्या तर काही हाती लागत नाही. त्यांचे रकाने पाडावे लागतात. ‘भाकरी’चं ‘माकरी’, ‘धागा’चं ‘घागा’ झालं तर आकाराचा गोंधळ. ‘पिशवी’चं ‘पशिवी’ म्हणजे वेलांटी सरकली. ‘आंबा’चं ‘आबा’, ‘तोंड’चं ‘तोड’ म्हणजे अनुस्वार कानालाच लागलेला नाही. ‘गर्दी’चं ‘गदी’, ‘म्हणून’चं ‘मणून’ ही जोडाक्षरांची गळती. ‘मुलगी’चं ‘मूलगि’ लिहिलं असेल, तर सुरुवातीच्या सहा महिन्यांत त्याकडे आम्ही बघतसुद्धा नाही, कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं वेगळं उच्चारत नाही. एक रकाना घरच्या बोलीचाही ठेवावा. वऱ्हाडी घरातलं मूल ‘काळा’ला ‘काया’ म्हणतं, कितीतरी घरांत ‘पाणी’चं ‘पानी’ असतं. मूल जसं बोलतं तसंच लिहितंय, म्हणजे ते आवाज अगदी बरोबर पकडतंय. या चुका डिस्लेक्सियाच्या खात्यात टाकणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि तो शाळांमधून सर्रास होतो.

मग काम सुरू होतं ते कानापासून, अक्षर न दाखवता. डॅनिल एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाने शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी एक सोंगटी सरकवण्याची पद्धत आणली. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्या मुलाच्या मनात ‘का’ हा एकच घास असतो, क आणि आ असे दोन नसतात. म्हणून आधी अक्षरागणिक एक सोंगटी: ‘बादली’ला तीन. हे पक्कं झालं की व्यंजनाला चिंचोका आणि स्वराला कवडी. ‘काकी’ म्हटलं की चिंचोका, कवडी, चिंचोका, कवडी. आता ‘काकी’चं ‘काका’ कर असं सांगितलं, की मुलाने शेवटची कवडी बदलली पाहिजे. चिंचोक्याला हात लावला तर स्वर वेगळा ऐकू आलेला नाही, पुढे जायचं नाही. काना-मात्रा-वेलांटी म्हणजे नेमकं काय बदलतं, हे इथे हाताला कळलं नाही तर बाराखडी तोंडपाठ असूनही वाचता येत नाही. पहिली-दुसरीत बाराखडी गाण्यासारखी म्हणणारी आणि ‘कु’ कुठला ते दाखव म्हटल्यावर क-का-कि-की करत तिथपर्यंत पोचणारी मुलं याच जागी अडकलेली असतात.

महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेल्या ख, घ, भ अशा अक्षरांसाठी तोंडासमोर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी धरतो. ‘ग’ला ती जेमतेम हलते, ‘घ’ला उडते. अनुस्वारासाठी नाकाच्या बाजूला बोट ठेवून ‘आबा’ आणि ‘आंबा’ म्हणून बघायचं, दुसऱ्या शब्दाला नाकात थरथर लागते. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याला तो आधी जाणवू द्यावा, हीच यातली युक्ती आहे.

अक्षरं गिरवण्याची रीत दोन ठिकाणांहून आली. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावून आवाज-अक्षराची सांगड घालायची पद्धत बसवली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ग्रेस फर्नाल्ड अख्खा शब्द बोटाने गिरवून घेत होत्या. आम्ही सुटं अक्षर पहिल्या पद्धतीने घेतो आणि नियमात न बसणारे हट्टी शब्द फर्नाल्ड यांच्या पद्धतीने.

त्यासाठी ३० × ४० सेंटिमीटरचा ट्रे घ्यावा. तळाला गडद निळा कार्डपेपर चिकटवावा, म्हणजे बोट फिरलं की रेघ ठळक दिसते. त्यात बारीक रवा साधारण ३०० ग्रॅम, थर तीन-चार मिलिमीटरचा. थर जाड झाला तर बोट रुततं आणि मागची रेघ बुजत जाते. पातळ झाला तर बोट कागदावर घासतं आणि रव्याचा स्पर्श राहत नाही. पावसाळ्यात रवा दमट होऊन गोळे धरतो, तो कोरडा भाजून गार करून वापरावा. वाळू वापरली तर चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून. तर्जनी आणि मधलं बोट जोडून लिहायचं, मनगट टेबलाला टेकवायचं नाही, हात खांद्यापासून फिरला पाहिजे. अक्षर वीतभर मोठं.

आणि बोट फिरत असेपर्यंत मुलाने तो आवाज स्वतः म्हणत राहायचं. ही अट मोडली की सगळा खटाटोप चित्रकलेच्या तासासारखा होतो. पालक नेमके इथे चुकतात. मूल गप्प बसून सुंदर ‘भ’ काढतं आणि ‘भ, भ’ म्हणत असते आई. कणकेची किंवा शाडूची अक्षरं करण्याचंही तेच. बोटाएवढ्या जाड वळकट्या करून अक्षर जुळवायला छान असतं, मुलांना आवडतंही, पण तोंड बंद असेल तर त्यातून फक्त अक्षराचा पुतळा तयार होतो. याच कारणासाठी पहिल्या गटात लांबवता येणारे आवाज घेतो: म, स, ल, र. ‘म्म्म्’ बोट फिरेपर्यंत टिकतो, ‘क’ टिकत नाही. क मात्र लगेच जोडावा लागतो, त्याच्याशिवाय शब्द होत नाहीत.

या पाच अक्षरांना एक काना दिला की मका सोडून काका, मामा, काम, कसा, मसाला, लाल, रस, मला असे शब्द निघतात (मका मुद्दाम मुलासाठी सोडलेला असतो, तो त्याने स्वतः शोधायचा). ‘मामा, मसाला कर’ हे पहिल्याच पंधरवड्यात वाचलेलं पूर्ण वाक्य. बाराखडीच्या रांगेतून गेलं तर हे वाक्य यायला वर्ष लागतं. पुढचे गट चार-चार अक्षरांचे, प्रत्येकाबरोबर एकच नवं स्वरचिन्ह, दोन ते तीन आठवडे. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमध्ये निदान दोन गटांचं अंतर हवं. म पहिल्यात असेल तर भ सहाव्यात. न आणि त, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य कधीच शेजारी नाहीत. फळ्यावर ‘हा भ, हा म, बघ फरक’ असं दोन्ही एकदम दाखवणं हा गोंधळ पक्का करण्याचा हमखास मार्ग आहे.

भ, थ आणि ध यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, म, य आणि घ यांची अखंड. ज्या मुलाला शब्द लिहून झाल्यावर वरून एकच लांब रेघ ओढायची सवय असते त्याचं भ, थ, ध तिथेच बिघडतं, आणि मग स्वतःचं लिहिलेलं त्याला स्वतःलाच वाचता येत नाही. म्हणून पहिले काही महिने शिरोरेषा अक्षरागणिक काढायची. अजून एक छोटी पण त्रासदायक बाब म्हणजे मोबाईलवरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात, पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे. छापील साहित्य तयार करताना फॉन्ट एकच, पुस्तकासारखाच ठेवा.

पहिली वेलांटी आम्ही मुद्दाम उशिरा घेतो, काना, दुसरी वेलांटी, मात्रा आणि काना-मात्रा झाल्यावर. ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. डावीकडून उजवीकडे एकेक आवाज जोडत जाणारं मूल ‘दिवस’ला अडखळतं ते याचमुळे. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची शीट (फायलीचं कव्हरही चालतं) कापून पोस्टकार्डाच्या आकाराचे तुकडे करायचे आणि त्यावर काळ्या मार्करने फक्त ‘ि’ काढायची. खाली जाड कागदावर द. मूल आधी ‘द’ म्हणतं, मग उजव्या हाताने शीट उचलून द वर अशी ठेवतं की वेलांटीची कमान अक्षराच्या डोक्यावर येईल, आणि कमान टेकताक्षणी ‘इ’ म्हणतं. द, इ, दि. शीट उचलली की पुन्हा द. हे दहा-बारा अक्षरांवर, रोज, आठवडाभर. वेलांटी हे अक्षराच्या आधी आलेलं वेगळं अक्षर नाही, त्याच अक्षरावर चढलेला स्वर आहे, हे समजावून सांगून मुलाला कळत नाही. शीट ठेवता-काढता कळतं. लिहिताना चौकटीची वही घ्यावी आणि पहिल्या वेलांटीच्या अक्षराला दोन चौकटी द्याव्यात. डावी रिकामी सोडून उजवीत द लिहायचा, मग डावीत वेलांटी. हात बसल्यावर नेहमीच्या क्रमाने लिहिलं तरी चालतं. एरवी मुलं जागा सोडायला विसरतात, वेलांटी अक्षर झाल्यावर त्याच्या पुढे काढतात आणि ‘पशिवी’ तयार होतं.

एवढं झाल्यावर एक नवीच अडचण वर येते. मूल सगळी अक्षरं ओळखतं, तरी ‘ब, द, क’ असं सुटं वाचतं आणि शब्द जुळत नाही. शेवटच्या अक्षरातला अ आपण बोलतच नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इथे टाळ्या उपयोगी पडतात, अक्षरागणिक नव्हे तर उच्चाराच्या तुकड्यागणिक. ब-दक, क-मळ, म-गर, वा-दळ. चार अक्षरांचे शब्द दोन-दोन: सर-बत, अड-गळ. शेवटच्या अक्षराला काना किंवा वेलांटी असेल तर तुकडा सरकतो: बद-ला, खिड-की, कर-तो. पेन्सिलीने शब्दाखाली दोन कमानी काढून द्यायच्या. महिनाभरात मुलं स्वतः कमानी काढायला लागतात आणि नंतर त्या सोडूनही देतात. अंदाजाने वाचणं पकडायचं असेल तर अर्थ नसलेले शब्द द्या: मासर, लकसा, रामका. चित्र बघून किंवा पहिल्या अक्षरावरून शब्द फेकणारं मूल इथे लगेच उघडं पडतं. त्याला रागवू नका, आजवर तेवढ्याच एका वाटेने त्याने वर्गात निभावून नेलेलं असतं.

जोडाक्षरांच्या तक्त्यात क्क, क्ख असा क्रम असतो. तो आम्ही बाजूला ठेवतो आणि सुरुवात ‘या’पासून करतो: त्या, च्या, ल्या, ज्या, झ्या, न्या. मराठीत सामान्यरूपांमुळे ही जोडाक्षरं जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतात. त्याच्या, माझ्या, गेल्या, घरच्या. एवढी एक जोडणी आली की पाठ्यपुस्तकाचं पान मुलाला एकदम मोकळं वाटू लागतं. मग म्ह आणि न्ह, कारण म्हणाला, म्हणून, उन्हात यांच्याशिवाय गोष्ट नाही. मग पत्ता, गल्ली, कच्चा असे द्वित्त, मग स्त, ष्ट. दंड असलेल्या अक्षराचा दंड कापून पुढचं चिकटवायचं, हे खरोखर कात्रीने करून घ्यावं. पुठ्ठ्यावरचा ल कापून य ला लावला की ल्य कुठून आला हा प्रश्न उरत नाही. द, ट, ड, ह यांना दंड नाही, म्हणून द्य, द्ध, ह्य ही शेवटी, आणि ती फर्नाल्ड यांच्या पद्धतीने. साधारण ३० सेंटिमीटर लांब कागदाच्या पट्टीवर मेणखडूने ‘विद्यार्थी’ मोठा लिहायचा, मुलाने म्हणत म्हणत गिरवायचा, जमलासं वाटलं की पट्टी पालथी घालून न बघता लिहायचा. चुकला तर खोडून तेवढंच अक्षर दुरुस्त करायचं नाही, पुन्हा गिरवून पूर्ण शब्द नव्याने. बघून उतरवणं चालत नाही, त्यात डोळा आणि हात काम करतात आणि स्मरण बाहेर राहतं.

र ची चार रूपं एका दिवशी शिकवू नयेत. प्र आधी, ट्र नंतर, ‘ऱ्या’ त्यानंतर, रफार सर्वांत शेवटी, कारण तो बसतो पुढच्या अक्षरावर आणि ऐकू येतो त्या अक्षराच्या आधी. ‘गर्दी’मध्ये तर तो वेलांटीच्याही पलीकडे जाऊन बसतो. लाल पेन्सिलीने रफारापासून द च्या डाव्या बाजूला बाण काढायचा आणि बाण जिथे टेकतो तिथे र म्हणायचा. गर-दी. सूर-य, पर-वत.

बैठक ४५ मिनिटांची, आठवड्यातून निदान तीन वेळा. आठवड्यातून एकदा दीड तास बसण्याने काही साधत नाही, मधल्या सहा दिवसांत सगळं पुसलं जातं. सुरुवातीची पाच मिनिटं जुन्या अक्षरांची कार्डं, मग आवाजाचा खेळ, नवीन अक्षर, शब्द, श्रुतलेखन, आणि शेवटी आम्ही वाचतो व मूल नुसतं ऐकतं. हा शेवटचा भाग वेळ कमी पडला म्हणून कापला जातो, तो कापू नये. वाचन मागे राहिलेल्या मुलाचा शब्दसंग्रहही हळूहळू मागे पडतो, कारण गोष्टी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

प्रगती बघायला पंधरवड्यातून एकदा त्याच पातळीचा नवा उतारा एक मिनिट वाचून घ्यावा. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करून आकडा वहीत लिहावा. तीन नोंदी ओळीने सपाट आल्या, तर मुलाला दोष न देता मागच्या गटात परत जावं. बहुतेक वेळा एखादं चिन्ह कच्चं राहिलेलं सापडतं. ओघासाठी पन्नास-साठ शब्दांचा एकच उतारा तीन-चार दिवस वाचावा, चौथ्या दिवशी आवाजात चढउतार यायला लागतो.

पाचवीनंतर शुद्धलेखन घेतो, तेही दोनच नियमांनी. मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ (‘आणि’, ‘नि’ हे अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: वीट, फूल, मूल, दूध. रूप बदललं की तो ऱ्हस्व: विटा, फुले, मुले, दुधात. एवढ्या दोन नियमांनी रोजच्या लिखाणातला पुष्कळ भार उतरतो.

आता पालक सर्वांत जास्त विचारतात त्या उपायांबद्दल. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, तोल सांभाळायचे व्यायाम, मेंदू तेज करणाऱ्या गोळ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं, की डिस्लेक्सिया डोळ्यांच्या दोषाने होत नाही आणि रंगीत भिंगं किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी तो सुधारतो असा पुरावा नाही. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा लावायलाच हवा, ती वेगळी गोष्ट. आमचा विरोध पैशांपेक्षा वेळेसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाचे सहा महिने त्यात गेले तर ते भरून काढणं फार जड जातं.

डिस्लेक्सियासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फॉन्टपेक्षा मोकळी जागा जास्त कामाची. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या एका अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर वाचन सुधारलेलं दिसलं. देवनागरीत मात्र अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. म्हणून आम्ही शब्दांमध्ये दोन जागा, ओळींमध्ये दीडपट ते दुप्पट अंतर, १८ पॉइंट टाइप आणि पिवळसर कागद ठेवतो, उजवीकडची कड न जुळवता.

प्रमाणपत्राची घाई आणि प्रमाणपत्राची वाट बघणं, दोन्ही टाळा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र सहसा वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतं. चिंचोके आणि रव्याचा ट्रे यांना ते लागत नाही, सहाव्या वर्षी सुरू करता येतं. लेखनिक मिळणार असेल तर त्याच्यासोबत सराव निदान सहा महिने आधी सुरू करावा. बोलून उत्तर सांगणं, परिच्छेद कुठे संपवायचा ते सांगणं, आकृती स्वतः काढणं ही वेगळी कौशल्यं आहेत, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येत नाहीत.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात, मूल दमून आलेलं नसेल अशा वेळी. पाच मिनिटं जुनी अक्षरकार्डं, पाच मिनिटं कालचाच उतारा, पाच मिनिटं आई-बाबांनी किंवा आजीने वाचलेली गोष्ट. शब्द अडला तर तीनपर्यंत मनात मोजा, मग शब्दाखाली कमानी काढा. तरीही अडला तर सरळ सांगून टाका आणि पुढे चला. शाळेत मोठ्याने वाचायला सांगायचंच असेल, तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी कळवा, अशी चिठ्ठी वर्गशिक्षकांना द्या. बहुतेक शिक्षक ती मनापासून पाळतात.